लिहिणाऱ्यालाही विचारा

"आधी भाषा तर येऊ द्या मॅडम, विचार मागाहून करतील की." आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य दर सत्रात एकदा तरी निघतं. बोलणारी माणसं तळमळीची असतात. उत्तर नागपुरातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववीतलं पोर इंग्रजीचा परिच्छेद वाचताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे हे पोर आठ वर्षं इंग्रजी शिकून माझ्यापुढे बसलेलं असतं, आणि तरी 'वॉज' कुठे, 'वेअर' कुठे, याची त्याला धास्ती वाटते. अशा मुलाला "हा उतारा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, यात कोण सुटून गेलं" असं विचारणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं, असं माझ्या सहकाऱ्यांना मनापासून वाटतं.

मला तसं वाटत नाही. ज्या दिवशी मुलांनी मजकुराला प्रश्न विचारले, त्याच दिवशी ती मजकुराच्या जवळ गेली, हे मी वर्गात पाहत आले आहे. 'वॉज' आणि 'वेअर'सुद्धा त्याच दिवशी पक्के झाले, कारण त्यांना ते वापरून काहीतरी म्हणायचं होतं. प्रश्न हा भाषा आल्यानंतरचा वरचा मजला आहे, ही समजूतच मुळात काढून टाकायला हवी.

या सगळ्याला शिक्षणशास्त्रात क्रिटिकल लिटरसी म्हणतात, मराठीत चिकित्सक साक्षरता म्हणू. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांचं नाव या संदर्भात पहिल्यांदा घेतलं जातं. १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या आंजिकोस नावाच्या गावी त्यांनी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांच्या वर्गांत लिहावाचायला शिकवलं. त्यांची पद्धत साधी होती. वीट, नांगर, पाऊस असे त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे, त्यावर आधी गप्पा करायच्या, मग अक्षरं. वीट आपण भाजतो, मग घर कोणाचं बांधलं जातं, हा प्रश्न आणि त्या शब्दातली अक्षरं एकाच तासाला शिकली जात. १९६४ मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतली तेव्हा फ्रेरेंना तुरुंगात टाकलं गेलं आणि पुढे देश सोडावा लागला. अक्षरओळख करून देणाऱ्या माणसाची एवढी भीती का वाटावी, याचा विचार मी बी.एड.च्या दिवसांपासून करते आहे.

ऑस्ट्रेलियाचे ॲलन ल्यूक आणि पीटर फ्रीबडी यांनी १९९० मध्ये वाचणाऱ्याच्या चार भूमिका मांडल्या. अक्षरं उलगडणं, अर्थ लावणं, मजकुराचा व्यवहारात उपयोग करणं आणि मजकुराची चिकित्सा करणं. स्टाफरूममधल्या वादात माझ्या उपयोगी पडते ती त्यांची एक गोष्ट: या चार पायऱ्या नाहीत. पहिली चढल्याशिवाय चौथी नाही, असं काही नाही. पहिलीतल्या मुलाला चारही लागतात आणि वकिलालाही चारही लागतात.

पण मला खरं बळ येतं ते आपल्याच मातीतल्या एका मुलीमुळे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली ही विद्यार्थिनी, वय जेमतेम चौदा. शाळेत जाऊन तिला फार वर्षंही झाली नव्हती. तिनं विचारलं ते असं की वेदांवर जर फक्त ब्राह्मणांचाच हक्क असेल, तर आमचं धर्मपुस्तक कोणतं? ते नसेल तर आमचा धर्म कोणता? पुस्तक कोणाचं आणि त्यातून कोण बाहेर ठेवलं गेलं, याहून नेमका प्रश्न कोणत्याही विद्यापीठातल्या सिद्धांतानं अजून विचारलेला नाही. फ्रेरेंचा जन्म व्हायला तेव्हा ६६ वर्षं बाकी होती. "आधी नीट लिहायला शिक, मग विचार" असं सावित्रीबाईंनी तिला सांगितलं असतं, तर हा निबंध आपल्या हाती आला असता का?

आता वर्गाकडे येते. शालेय इंग्रजीत 'चेंज द व्हॉइस' हा हमखास येणारा प्रश्न. कर्ता मागे टाका, कर्म पुढे आणा, 'बाय' लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घाला. मुलं हे यंत्रासारखं करतात आणि पैकीच्या पैकी गुण घेतात. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याखाली एक बारीकशी सूचना असते: कर्ता उघड असेल किंवा महत्त्वाचा नसेल तर 'बाय'चा भाग गाळला तरी चालतो. आम्ही शिक्षक ती सूचना भरभर वाचून पुढे जातो. माझा सगळा धडा आता त्या एका सूचनेवर थांबतो.

अजनीतल्या तेव्हा प्रस्तावित असलेल्या इंटर-मॉडल स्टेशनसाठी, म्हणजे रेल्वे, मेट्रो, बस एकाच ठिकाणी आणणाऱ्या स्थानकासाठी, झाडं जाणार म्हणून २०२१ मध्ये नागपूरकरांनी आवाज उठवला होता, तो विषय मुलांच्या कानावर होता. मी फळ्यावर लिहिलं, 'द ट्रीज विल बी रिमूव्हड.' म्हटलं, ॲक्टिव्ह करा. सगळे थांबले. ॲक्टिव्ह करायला कर्ता लागतो आणि वाक्यात तो नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मॅडम, तोडनार कोन थे तं सांगूनच नाही राहिले." मी म्हटलं, मग तू सांग. कोणी म्हणालं रेल्वे, कोणी म्हणालं सरकार, कोणी कंत्राटदार, कोणी हायवेवाले. एकीनं विचारलं, "आपनच नं मॅडम? स्टेशन आपल्यालेच पायजे." फळ्यावर त्या एका वाक्याची पाच वाक्यं झाली, प्रत्येकात वेगळा कर्ता, आणि पाचही व्याकरणदृष्ट्या बरोबर. मग 'रिमूव्हड'कडे नजर गेली. खुर्ची रिमूव्ह करतात, झाड रिमूव्ह करतात का? 'कट' लिहिलं तर काय बदलतं? तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच होता, आणि तो अर्धा इंग्रजीत चालला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे लबाडी, असं मुलांच्या मनात बसू देऊ नये. विज्ञानाच्या प्रयोगात पाणी कोणी उकळलं याला खरंच महत्त्व नसतं. रस्त्यावर पाकीट मारलं गेलं तर कर्ता ठाऊकच नसतो. मुलांना फरक कळला पाहिजे तो एवढाच, की कुठे कर्ता माहीत नाही, कुठे त्याची गरज नाही, आणि कुठे तो माहीत असून झाकला आहे. हा फरक पाठ करून कळत नाही. वाक्यामागून वाक्य घेऊन भांडावं लागतं.

त्याच आठवड्यात मी अतिक्रमणाच्या बातम्यांत सर्रास दिसणारी रचना घेतली: 'एन्क्रोचर्स वेअर इव्हिक्टेड.' मुलांनी सवयीनं कर्ता शोधला, नाही सापडला. मग एका मुलीनं वेगळीच गोष्ट पकडली. हाकलणाऱ्याला नाव नाही, पण हाकललेल्याला नाव दिलं आहे, आणि ते नाव गुन्हेगाराचं आहे. ती एका जुन्या झोपडपट्टीतून येते. तिनं विचारलं, "आमी तं आजोबापासून थितंच राहून राहिलो. मंग आमी रेसिडेंट काऊन नाही?" 'रेसिडेंट' हा शब्द तिला नागरिकशास्त्राच्या कुठल्याशा अर्जातून ठाऊक होता. वर्गात शांतता झाली, कारण त्या वस्तीतली आणखीही मुलं बसली होती. आम्ही फळ्यावर शब्द मांडले: एन्क्रोचर्स, रेसिडेंट्स, फॅमिलीज, पीपल, व्होटर्स. तेच वाक्य प्रत्येक शब्द घालून मोठ्यानं वाचलं. 'फॅमिलीज' घातल्यावर वाचणाऱ्याचा आवाज बदलला. 'व्होटर्स'वर पोरं हसली आणि मग लगेच गंभीर झाली. दुसऱ्या बाजूचंही बोलणं झालं. एका मुलाचे वडील रस्त्यावर ऑटो चालवतात. फूटपाथ अडवलेला असला की सगळ्यांना किती त्रास होतो, हे त्यानं सांगितलं, आणि तेही खरंच होतं. कोणाची बाजू घ्यायची हे मी ठरवून दिलं नाही. शब्द निवडला की बाजू निवडली जाते, एवढं मात्र त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. त्या मुलीनं 'रेसिडेंट'चं स्पेलिंग पुन्हा कधी चुकवलं नाही.

नागपूरच्या मुलांना हे पटकन का कळतं, याचं मला एक कारण दिसतं. भाषेला उतरंड असते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नसते. घरी ती 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना पहिलीपासून सांगते की असं बोलणं अशुद्ध. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा आला की ती बोलताना चाचरतात. बाजारात हिंदी, घरात नागपुरी, वहीत प्रमाण मराठी, आणि सगळ्यांच्या वर इंग्रजी. 'कोणत्या भाषेत बोललं की लोक ऐकतात आणि कोणत्या भाषेत बोललं की हसतात' हा तक्ता मी एकदा मुलांकडून भरून घेतला. असे तपशील आले की तो जपून ठेवला आहे. बँकेत कुठली भाषा, दवाखान्यात डॉक्टरांशी कुठली, डॉक्टर आपापसांत कुठली, पोलीस चौकीत कुठली.

दक्षिण आफ्रिकेच्या हिलरी जँक्स यांनी वर्णभेदाच्या काळापासून या प्रश्नावर काम केलं आहे. त्या एका पेचाकडे लक्ष वेधतात: वरचढ भाषा शिकवली तर तिचं वरचढपण आणखी पक्कं होतं, आणि शिकवली नाही तर मूल दाराबाहेरच राहतं. इंग्रजीचा कोणताही प्रामाणिक शिक्षक या पेचातून सुटलेला नाही. पण आमच्या भागातल्या आईबापांना यावर वाद घालायला वेळ नाही, आणि त्यांचं मला पटतं. १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजीला माऊली म्हटलं. बाबासाहेबांनी आपलं बहुतेक महत्त्वाचं लेखन इंग्रजीत केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्याची आठवण म्हणून आजही लाखो लोक नागपुरात येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. दीक्षाभूमीच्या परिसरातले पुस्तकांचे स्टॉल ज्यानं एकदा पाहिले, त्याला गरिबाला वाचनाची भूक नसते असं कोणी पटवू शकणार नाही. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी दुसरं पुस्तक नसेल, पण तिथून आणलेलं एखादं असतं. या घरांना इंग्रजी हवी आहे ती नुसती 'गुड मॉर्निंग'पुरती नको आहे. ज्या भाषेत कायदे लिहिले जातात, त्या भाषेला उलट प्रश्न विचारता यावा म्हणून हवी आहे. म्हणूनच 'थर्टी डेज'मध्ये फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या पाट्या पाहिल्या की मला राग येतो. त्या पाट्यांवरच्या इंग्रजीत मुलानं फक्त मुलाखतीला उत्तर द्यायचं असतं, प्रश्न नेहमी समोरचाच विचारतो.

कागद आणि वेष्टनं हा माझ्या वर्गाचा दुसरा अभ्यासक्रम आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरची सक्तीची माहिती आपल्याकडे इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की पुरते. मराठी असली तर जादा. प्रत्यक्षात बहुतेक वेष्टनांवर इंग्रजीच असते. एकदा मुलांना संत्र्याचं चित्र असलेल्या पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे आणायला सांगितले. आमच्या शहराला संत्र्याचं वेगळं कौतुक. एका मुलाचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, आंबिया आणि मृग दोन्ही बहारांत संत्र्यांची पोती त्यांच्या पाठीवरून जातात. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, हा नियम मी सांगितला. बस, बाकी त्यांनीच वाचलं. पहिलं पाणी, दुसरी साखर, मग आम्लं आणि रंगांचे आकडे. एका बाटलीवर भिंगाखाली धरावी अशी ओळ होती: 'कंटेन्स नो फ्रूट.' त्या हमालाच्या मुलानं ती ओळ वर्गाला तीनदा वाचून दाखवली. मग आम्ही मोजपट्टीनं अक्षरं मोजली. संत्र्याचं चित्र तळहाताएवढं आणि ही ओळ मिलिमीटरमध्ये. अक्षराचा आकार हासुद्धा मजकुराचा भाग असतो, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पॅकबंद रसांवरचा 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितला. त्याआधी एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं होतं की दुधात मिसळायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका, कारण कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. ही दोन्ही इंग्रजी कात्रणं आठवी-नववीच्या मुलांनी शब्दकोश घेऊन स्वतः वाचली. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा अवघड भाषा होती ती.

कागदाची गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. एक मुलगी आईच्या गटकर्जासोबत आलेला विम्याचा कागद वर्गात घेऊन आली. सगळा इंग्रजीत, शेवटी ठळक वाक्य: 'आय हॅव रेड अँड अंडरस्टुड द अबव्ह.' त्याखाली आईची सही, वळणं घेत घेत केलेली. मुलगी म्हणाली, "मॅडम, यातला 'आय' कोन हाय? माह्या आईले तं हे वाचताच नाही येत." सर्वनामांवर मी आजवर जेवढं शिकवलं, त्यात या प्रश्नाच्या जवळ जाणारं काही नव्हतं. वाक्य लिहिलं कंपनीनं, तोंड दिलं आईचं, आणि उद्या तक्रार झाली तर पुरावा म्हणून हेच वाक्य पुढे येणार. आम्ही तो कागद ओळीनं वाचला. नाव आणि रक्कम झाकून, कारण घरची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये. मग मी मुलांना रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांतला भाग दाखवला. कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत कर्जकार्ड द्यायचं असतं, आणि कर्जाशिवायचं दुसरं काही गळ्यात घालायचं असेल तर पूर्ण संमती लागते व त्याची फी कार्डावर स्पष्ट सांगावी लागते. हे नियमसुद्धा इंग्रजीतच मिळाले. त्या मुलीनं त्यातली दोन वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि घरी आईला नागपुरीत समजावून सांगितली. गटातल्या बाकीच्या बायका आता कागद तिच्याकडे आणतात. चौदा वर्षांच्या मुलीवर हे ओझं पडावं का, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण कागद तर येतच राहतात.

अडचणी आहेत. परीक्षेच्या उताऱ्याखालचे बहुतेक प्रश्न 'लेखक काय म्हणतो' इथे संपतात, 'लेखक असं का म्हणतो' इथे फारसे येत नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात चिकित्सक शिक्षणपद्धतीला जागा दिली होती, पण आराखडा आणि दहावीची प्रश्नपत्रिका यांच्यामध्ये गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच उभे आहेत. पालक विचारतात, हे परीक्षेला आहे का? त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळत नाही. मी पेपरातल्या प्रश्नप्रकारांतच हे बसवते. तोंडी परीक्षेच्या २० गुणांत तर भरपूर जागा आहे. आणखी एक धोका आहे, तो जास्त नाजूक. मुलं काही दिवस सगळ्यावरच संशय घ्यायला लागतात. सगळे खोटं बोलतात, असं म्हणणं हाही विचार न करण्याचाच प्रकार. मोबाईलवर आलेला कुठलाही मेसेज पुढे ढकलणारा माणूस आणि काहीच खरं न मानणारा माणूस, दोघांनीही वाचायचं सोडलेलं असतं. म्हणून मी पुरावा मागते. लेखक काही लपवतो म्हणतोस, तर कोणत्या शब्दात, दाखव.

आणि हे प्रश्न माझ्यावरही यायलाच हवेत. एकानं विचारलं, "मॅडम, तुमी गरिबाचेच उतारे काऊन आनता?" मी कारण सांगितलं. त्यानंतर दर महिन्याला एक मजकूर मुलं निवडतात. क्रिकेटवरचे, मोबाईलच्या जाहिरातींवरचे, एकदा शाळेच्याच इंग्रजी सूचनाफलकावरचे. सूचनाफलकावर सगळीकडे 'स्टुडंट्स मस्ट' होतं आणि 'टीचर्स मस्ट' एकदाही नव्हतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. मुख्याध्यापकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सध्या औपचारिक पत्रलेखन चालू आहे. शाळेसमोरच्या रस्त्यावरचे दिवे बरेच दिवस बंद आहेत आणि शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना अंधारातून जावं लागतं, म्हणून वर्गानं हाच विषय घेतला. गाईडमधला नमुना होता, 'आय हंबली रिक्वेस्ट यू.' 'हंबली'वर अख्खा तास गेला. काही म्हणाले, ठेवू, काम व्हायला हवं. काही म्हणाले, दिवा मागायला नम्र कशाला व्हायचं, घरपट्टी भरतो. एका मुलीनं मधला मार्ग काढला: 'रिक्वेस्ट' ठेवायचं, 'हंबली' काढायचं, आणि 'आय'च्या जागी 'वुई' लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. दोन मुलं पत्र घेऊन संबंधित कार्यालयात गेली. तिथल्या बाबूनं ठेवून जा म्हटलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलली नाहीत. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी स्मरणपत्राचा मसुदा करायचा आहे, आणि त्यात 'रिक्वेस्ट' राहू द्यायचं की नाही यावर वर्गात आतापासूनच दोन तट पडले आहेत.